चाहूल घेण्याचे कर्तव्य

मृत्यूविषयी मनुष्यजातीने अपार विचार करून ठेवला आहे. रोगाविषयीचा विचार त्या मानाने थोडा आहे. आणि रोग हटल्यानंतरच्या आयुष्याविषयी तर तत्त्वचिंतकांनी फारसे काही लिहिलेलेच नाही. रोगी अंथरुणातून उठला, कामावर रुजू झाला, म्हणजे त्याचे प्रकरण निकालात निघाले अशी सर्वांची समजूत असते. बहुतेक रोगांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु काही रोग असे आहेत की ते गेले असे म्हणता येते, पण परत येणार नाहीत असे म्हणता येत नाही. कर्करोग हा त्यांतला मुख्य. अशा रोग्याला निरोप देताना डॉक्टर 'तुम्ही बरे झालात' हे वाक्य सहसा उच्चारीत नाहीत. 'सध्या रोग दिसत नाही. मात्र लक्ष ठेवा' एवढेच ते म्हणतात. हे लक्ष कोणी ठेवावयाचे, किती ठेवावयाचे, आणि ठेवून जे कळेल ते कोणाला सांगावयाचे, हे प्रश्न वरवर वैद्यकाचे दिसतात. आमच्या मते ते नीतीचे आहेत.

ऋण, अग्नी, शत्रू आणि व्याधी ह्यांचा शेष ठेवू नये, असे आपले जुने नीतिकार बजावून गेले आहेत. सुश्रुतानेही अर्बुदाच्या चिकित्सेत हेच सांगितले आहे: अर्बुद काढताना त्याचा थोडा जरी अंश मागे राहिला तरी ते पुन्हा त्वरेने वाढते आणि उरलेल्या विस्तवाप्रमाणे घात करते. पूर्वीच्या अर्बुदावर पुन्हा उद्भवणाऱ्या अर्बुदाला त्याने 'अध्यर्बुद' असे निराळे नावही दिले आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या शस्त्रवैद्याला हा अनुभव किती वेळा आला असेल, ह्याची कल्पना त्या एका नावावरून येते. परंतु नीतिकारांच्या उपदेशात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: शेष उरला की नाही हे आपणांस कळते. ऋणाचा शेष वहीत दिसतो, अग्नीचा धुरात दिसतो, शत्रूचा वार्ताहर कळवितात. कर्करोगाचा शेष मात्र मूठभर पेशींच्या रूपाने असा दडून राहू शकतो की शस्त्रवैद्याच्या डोळ्याला, सूक्ष्मदर्शकाला आणि आजच्या महागड्या यंत्रांनाही त्याचा पत्ता लागत नाही. तेव्हा 'शेष ठेवू नये' ही आज्ञा पुरेशी नाही. शेष आहे की नाही हेच ठाऊक नसताना कसे वागावे, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल आम्ही नाकाच्या पोकळीचा कर्करोग घेतो. हा रोग विरळा आहे. डोके आणि मान ह्यांच्या कर्करोगांत नाक व त्यालगतच्या हाडांतील पोकळ्या ह्यांचा वाटा शंभरात तीन ते पाच एवढाच धरतात. त्याच्या काही कारणांचा शोध इंग्लंडात लागला. हाय वायकूम ह्या गावी खुर्च्या-टेबले करणाऱ्या सुतारांत नाकाचे कर्करोग अपेक्षेबाहेर आढळतात, हे तेथल्या वैद्यांच्या ध्यानात आले आणि १९६८ साली ते प्रसिद्ध झाले. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा हे मनुष्याला कर्करोग करणारे द्रव्य म्हणून निश्चितपणे नोंदविले. कातड्याची धूळ, निकेलचे शुद्धीकरण, तंबाखूचा धूर हीही त्या यादीत आहेत. तथापि पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत असे कोणतेच कारण सापडत नाही; कारकुनी करणाऱ्या माणसालाही तो होतो.

नाकाचे उदाहरण घेण्यास दुसरेही कारण आहे, आणि ते ह्या शहराशी निगडित आहे. बंगळुरात बदलून आलेल्या मराठी माणसाला पहिल्या दोन गोष्टी कळतात: येथली हवा उत्तम आहे, आणि ह्या उत्तम हवेत सर्वांची नाके वाहतात. परागकण, बांधकामाची धूळ, सकाळचा गारवा, आणि ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो ते गाजरगवत (जे ह्या देशात प्रथम पुण्यास १९५०-६०च्या दशकात नजरेस आले आणि तेथून सर्वत्र पसरले, म्हणजे ह्या बाबतीत पुण्याने बंगळुराला दोष देण्यात अर्थ नाही) ह्या सर्वांनी मिळून शिंक ही येथील सार्वजनिक भाषा करून टाकली आहे. कचेरीत कोणी नाक ओढू लागला की शेजारचा कानडी मित्र 'नेगडी' एवढे म्हणून मान डोलावतो, आणि विषय संपतो. ज्या गावात प्रत्येक नाक तक्रार करते, त्या गावात कोणत्याच नाकाची तक्रार कोणी ऐकत नाही. आणि नाकाचा कर्करोग पहिल्यांदा येतो तो सर्दीच्याच वेषात. दुसऱ्यांदा येतो तोही त्याच वेषात.

दुसऱ्यांदा ओळखणे तर अधिक कठीण, कारण ज्या जागी तो परतावयाचा ती जागा आता पूर्वीसारखी राहिलेली नसते. शस्त्रक्रियेने आतली हाडे आणि पडदे काढलेले असतात. सहा आठवड्यांच्या किरणोपचाराने आतली त्वचा सुकलेली असते. तेथे खपल्या धरतात, मिठाच्या पाण्याने त्या दररोज धुवाव्या लागतात, धुताना कधी रक्ताचा एखादा धागा येतो, वास समजेनासा झालेला असतो, कधी दुर्गंधीही येते. हे सारे उपचाराचे व्रण आहेत, रोगाचे नव्हेत. परंतु नाक चोंदणे, रक्त येणे, वास जाणे ही रोगाचीही लक्षणे आहेत! चोर आणि शिपाई ह्यांनी एकच गणवेष घातला तर गावकऱ्याने ओळखावे कसे? यंत्रालाही ते नेहमी साधते असे नाही. किरणोपचार संपून सुमारे तीन महिने होण्याच्या आत पेट स्कॅन काढला तर नुसती सूजही रोगासारखी उजळून दिसू शकते. म्हणून डॉक्टर तो पुढे ढकलतात.

तरीही काही खुणा अशा आहेत की त्यांच्याकडे डोळेझाक करणे अक्षम्य ठरते. जी तक्रार एकाच बाजूला आहे, जी नवी आहे आणि जी हटण्याऐवजी वाढते आहे, ती संशयास पात्र. सर्दी दोन्ही नाकपुड्यांना सारखेच वागविते आणि आठ-पंधरा दिवसांत निघून जाते. एकच नाकपुडी दोन-तीन आठवडे बंद राहिली, किंवा तिच्यातून रक्तमिश्रित स्राव पुनःपुन्हा येऊ लागला, तर तिला सर्दी म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. गालाचा, नाकाच्या कडेचा किंवा वरच्या ओठाचा एक भाग बधिर होणे, तेथे मुंग्या येणे, हे त्याहून गंभीर. कारण डोळ्याच्या खोबणीखालून जाणाऱ्या मज्जातंतूला काहीतरी दाबते आहे असा त्याचा अर्थ असू शकतो. एकाच डोळ्यातून सतत पाणी गळणे, डोळा पुढे येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे; वरच्या दाढा कारणावाचून हलू लागणे, अथवा बसविलेली कवळी एकाएकी बसेनाशी होणे; गाल सुजणे, जबडा पुरता न उघडणे, मानेत न दुखणारी गाठ लागणे; एकाच जागी ठाण मांडून बसलेली डोकेदुखी. ह्यांतल्या प्रत्येकाला दुसरे निरुपद्रवी कारण असू शकते, आणि बहुधा असतेच. परंतु ते ठरविण्याचा अधिकार रोग्याचा नव्हे. त्याचे काम दुर्बिणीपुढे जाऊन बसण्याचे आहे.

येथे भाषेचा एक मुद्दा आम्हांस महत्त्वाचा वाटतो. परप्रांतात आपण आपली दुखणी परभाषेत सांगतो, आणि परभाषेत माणूस मोजकेच शब्द जाणतो. ज्याला मराठीत 'गालाला काल रात्रीपासून रेशीम गुंडाळल्यासारखे वाटते' असे सांगता आले असते, तो डॉक्टरपुढे 'कोल्ड' म्हणून मोकळा होतो. सूक्ष्म वेदनेला सूक्ष्म शब्द लागतो. तो नसला की वेदनाही जाड होऊन ढोबळ नावाखाली जाते. आम्ही असे सुचवू की ज्याला सांगावयाचे आहे त्याने आधी मराठीत कागदावर लिहावे: काय, कोणत्या बाजूला, केव्हापासून, वाढते आहे की कमी होते आहे. मग त्याचे भाषांतर कोणीही करील.

आता लक्षण कळूनही न सांगणाऱ्याचा प्रश्न. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत; केंद्र सरकारच्या नोकरीत वरच्या श्रेणीपर्यंत चढून काही काळापूर्वी निवृत्त झाले. नोकरीत असतानाच त्यांना हा रोग झाला, शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि दोन वर्षे सर्व तपासण्या निर्वेध गेल्या. एके दिवशी दाढी करताना त्यांना उजव्या गालावरचा वस्तरा जाणवेना. त्यांना अर्थ कळला. रुग्णालयातून मिळालेल्या कागदात बधिरतेचा उल्लेख होता आणि सरकारी नोकराच्या सवयीने त्यांनी तो कागद नीट वाचलेला होता. परंतु नागपुरास मुलीचे लग्न दहा आठवड्यांवर आले होते. कार्यालय ठरलेले, पत्रिका छापलेल्या. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. मधली एक तपासणीही 'रजा मिळत नाही' म्हणून टाळली. लग्न यथासांग पार पडले. परत येताना गाडीत पत्नी म्हणाली, "अहो, तुमच्या उजव्या डोळ्यातून सारखे पाणी का येते आहे? मांडवातही मी पाहत होते. मला वाटले, मुलगी सासरी जाते म्हणून." तेव्हा ते बोलले. एम. आर. आय. मध्ये रोग डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी परतलेला आढळला. दुसऱ्या शस्त्रक्रियेत उजवा डोळा गेला, ते वाचले.

दहा आठवडे आधी आले असते तर डोळा वाचला असता काय? शस्त्रवैद्यांनी ह्याचे उत्तर दिले नाही, आणि ते प्रामाणिकपणाचेच होते. परंतु मुलीने तो प्रश्न निराळ्या रीतीने मांडला. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाची किंमत तुम्ही मला न विचारता ठरवलीत. विचारले असते तर मी तारीख पुढे ढकलली असती. आता आयुष्यभर लग्नाचा फोटो पाहिला की मला तुमचा डोळा दिसणार." गृहस्थ आजही म्हणतात की पुन्हा तसा प्रसंग आला तर आपण तेच करू.

ह्या दोघांत कोण बरोबर? आपल्याकडे बापाच्या बाजूने बोलणे सोपे आहे. मुलांसाठी सोसणारा आणि सोसलेले न सांगणारा बाप हा आपल्या कुटुंबजीवनाचा आदर्श आहे; त्याच्यावर आपण कथा लिहितो, नाटके करतो. आणि त्याच्या बाजूने खरा युक्तिवादही आहे: शरीर त्याचे होते, डोळा त्याचा होता, आपल्या मालकीची वस्तू प्रिय व्यक्तीच्या सुखासाठी वेचण्याचा अधिकार प्रौढ माणसाला नसावा काय? आम्ही हा अधिकार नाकारीत नाही. परंतु त्यागाची एक अट आहे, आणि ती बहुधा विसरली जाते. ज्याच्यासाठी त्याग करावयाचा तो त्याग स्वीकारण्यास तयार आहे की नाही, हे त्याला विचारण्याची सोय असेल तर विचारले पाहिजे. न विचारता केलेल्या त्यागाने दुसऱ्याच्या माथ्यावर असे ऋण चढते की जे त्याने घेतलेले नसते आणि जे फेडण्याचा मार्ग नसतो. मुलीचे लग्न पुढे ढकलता आले असते. कर्करोगाची वाढ पुढे ढकलता येत नव्हती. ह्या दोन गोष्टींची तुलना करण्याचा हक्क तिलाही होता. बापाचे प्रेम आम्ही पाहतो; तथापि मुलीची तक्रार आम्हांस न्याय्य वाटते.

न सांगण्यामागे प्रेमाशिवाय दुसरेही एक कारण असते आणि त्याची कबुली कोणी देत नाही. आपल्या भाषेत नाक हा अवयव नाहीच, ती प्रतिष्ठा आहे. नाक कापले जाते, नाक घासावे लागते, नाकावर माशी बसू देत नाहीत. ज्या माणसाचे नाक खरोखरच शस्त्राखाली जाणार त्याला रोगाइतकेच चेहऱ्याचे भय वाटते. ह्या बाबतीत म्हैसूर आणि पुणे ह्यांना जोडणारी एक जुनी हकीगत सांगण्याजोगी आहे. १७९२च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. दोघा इंग्रज वैद्यांनी ती क्रिया पाहिली आणि १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये तिचे सचित्र वर्णन छापले गेले. युरोपात नाक घडविण्याची विद्या पुन्हा सुरू झाली ती त्या वर्णनावरून. कर्करोगामुळे बाहेरचे नाक गमावलेल्यांसाठी कपाळाच्या त्वचेचा तोच उपाय अधिक सुधारून आजही वापरतात. चेहऱ्याच्या भयाने चाहूल दडविणाऱ्याने कावसजीची आठवण ठेवावी; त्याला तर कोणी पर्यायही दिला नव्हता.

लपविणे हे रोग्याकडूनच होते असे नाही, रोग्यापासूनही होते. सिग्मंड फ्रॉइड ह्यांना १९२३ साली टाळूच्या व वरच्या जबड्याच्या जागी कर्करोग झाला. त्यांचे वैद्य फेलिक्स डॉइच ह्यांनी तो ओळखला, निकटच्या शिष्यांना कळू दिला, आणि खुद्द फ्रॉइडना सांगितला नाही. त्यांना सत्य पेलणार नाही असे त्यांना वाटले. मनुष्य स्वतःपासून काय लपवितो ह्याचा शोध घेण्यात ज्याने आयुष्य घालविले त्याच्यापासून त्याचे शरीर लपविले गेले! पुढे हे कळल्यावर ह्या लोकांना असे करण्याचा अधिकार कोणी दिला, असा संताप त्यांनी व्यक्त केला. पुढील सोळा वर्षे त्यांनी रोगाची चाहूल घेण्यात काढली. शस्त्रवैद्य पिश्लर वारंवार तपासून संशयास्पद जागा काढून टाकीत. तोंड आणि नाक ह्यांच्यामध्ये बसविलेला कृत्रिम पडदा फ्रॉइडना सदैव छळी. लहानमोठ्या तीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. नंतरचे वैद्य माक्स शुर ह्यांना नेमताना त्यांनी प्रारंभीच वचन घेतले की आपणांस खरे तेच सांगितले जाईल. १९३९च्या सप्टेंबरात ते वारले. ह्या सोळा वर्षांत त्यांनी लिहिणे सोडले नाही, आणि आमच्या मते त्याचे एक कारण हे की पाहण्याचे काम त्यांनी विश्वासाच्या माणसाकडे सोपविले होते आणि त्याच्याकडून असत्य येणार नाही ह्याची त्यांना खात्री होती.

ह्यावर कोणी म्हणेल की हे पाश्चात्त्य देहासक्तीचे लक्षण आहे. आपला आदर्श निराळा. आणि तो रमण महर्षींकडे बोट दाखवील. १९४८च्या अखेरीस महर्षींच्या डाव्या कोपरावर लहानशी गाठ आली. १९४९च्या फेब्रुवारीत ती काढली. महिन्याभरात ती परतली. पुन्हा काढली, तेव्हा ती सार्कोमा ह्या दुष्ट जातीची ठरली. त्या वर्षात आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या, रेडियमही वापरले, आणि १४ एप्रिल १९५० रोजी तिरुवण्णामलै येथे त्यांचे देहावसान झाले. हात तोडण्याची सूचना त्यांनी नाकारली. देह हाच मुळात एक रोग आहे असे त्यांचे म्हणणे होते. बंगळुराहून त्या आश्रमात जाणारे कित्येक मराठी अधिकारी आम्हांस ठाऊक आहेत, आणि 'महर्षींनी कुठे काळजी केली?' हे वाक्य त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून आम्ही ऐकलेले आहे. परंतु हकीगत नीट वाचावी. महर्षींनी गाठ लपविली नाही. वैद्य आले त्यांना हात पुढे केला. एकामागून एक उपचारपद्धती आल्या, त्यांना त्यांनी अडविले नाही. आणि जे नाकारले ते उघडपणे, सर्वांदेखत नाकारले. अनासक्तीत आणि दुर्लक्षात हाच फरक आहे. अनासक्त मनुष्य जे आहे ते पाहतो आणि डगमगत नाही. दुर्लक्ष करणारा डगमगतो म्हणून पाहत नाही. भीतीला वैराग्याचे नाव देण्याची सोय आपल्या परंपरेत फार आहे, आणि तिचा लाभ साधूंपेक्षा संसारी माणसेच अधिक घेतात.

मात्र दुसऱ्या टोकाचाही विचार केला पाहिजे, कारण तिकडची माणसे थोडी नाहीत. तासातासाला आरशात पाहणारा, प्रत्येक रुमाल उजेडात धरणारा, रात्री उठून गाल चाचपणारा रोगी आम्ही पाहिला आहे. त्याचा रोग परतला नव्हता. तरी त्याचे आयुष्य परतलेल्या रोगानेच व्यापले होते. अशा माणसाला 'काळजी करू नका' म्हणणे व्यर्थ आहे, आणि 'लक्ष ठेवा' म्हणणे क्रूर. ह्यातून वाट कोणती?

वाट आम्हांस आमच्या कार्यालयातच सापडली, ह्याबद्दल वाचकांनी हसू नये. सरकारी दफ्तरात ज्या प्रकरणावर आज काही करता येत नाही, ते टेबलावर पडून राहू देत नाहीत. त्यावर पुढील तारीख घालतात, स्मरणवहीत नोंद करतात, आणि फाईल कपाटात जाते. तारीख उजाडली की ती आपोआप पुढे येते. मधल्या काळात त्या प्रकरणाचा विचार न करणे हा हलगर्जीपणा नव्हे. ती कामाची रीत आहे. मध्येच काही नवा कागद आला तर तारखेची वाट न पाहता फाईल काढतात, एवढाच अपवाद. कर्करोगतज्ज्ञांनी तपासण्यांचे जे वेळापत्रक बसविले आहे ते ह्याच जातीचे आहे: पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. हा रोग परतला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, म्हणून सुरुवात दाट. (वासाच्या मज्जातंतूंतून उद्भवणारी एक जात मात्र दहा वर्षांनंतरही परतलेली आढळते; म्हणून शेवटची वार्षिक तपासणी कधीच बंद करीत नाहीत.) रोज नाक धुताना जे दिसेल ते पाहावे, नवे काही असेल तर लिहून ठेवावे, आणि मग दिवसभर ते कपाटात ठेवावे. तारखेने रोग्याला पाहण्याच्या कर्तव्यातून मुक्त केलेले नसते. पण सतत पाहण्याच्या शिक्षेतून मुक्त केलेले असते.

आणि पाहण्याचे सगळे काम त्याचे एकट्याचे नाही. आपला चेहरा आपणांस रोज दिसतो म्हणूनच तो हळूहळू बदललेला आपणांस कळत नाही. डोळा किंचित पुढे आला, गाल किंचित भरला, आवाज नाकातून येऊ लागला, हे सहा महिन्यांनी भेटलेल्या भावाला प्रथम कळते. तो संकोचाने गप्प बसतो. हा संकोच आम्हांस सभ्यता वाटत नाही. ज्याला दिसले त्याने एकांतात, शांतपणे विचारावे; निष्पन्न काही न झाले तर थोडा राग पदरी येईल, तो सोसावा.

बदलीच्या नोकरीत एक अडचण अधिक आहे. आपले सामान येते, मुलांचे दाखले येतात, सरकारी आरोग्य योजनेचे कार्डही नव्या गावी चालते. पण ज्या डॉक्टराने पहिल्यापासून आतली जागा पाहिली त्याची नजर येत नाही. नव्या डॉक्टरला तुलनेसाठी जुने हवे असते. म्हणून शस्त्रक्रियेचा तपशील, किरणांची मात्रा कोठे आणि किती दिली ह्याचा गोषवारा, पेशीपरीक्षेचा अहवाल, आणि उपचारानंतरचा पहिला एम. आर. आय. ह्यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. बंगळुरात होसूर रस्त्याच्या बाजूस १९७३ पासून किदवाई स्मारक कर्करोग संस्था आहे. स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री रफी अहमद किदवाई ह्यांचे नाव तिला दिलेले आहे, ही गोष्ट डाक-तार खात्यातील आमच्या मित्रांनी अभिमानाने सांगावी. तेथल्या बाकांवर बळ्ळारी-बिदरकडची माणसे पिशवीत कागद जपून बसलेली दिसतात. निपाणी-बेळगावकडच्या मराठीतले दोन शब्दही मधूनमधून कानी पडतात. अक्षर न ओळखणाऱ्या त्या बायका आपली कागदपत्रे ज्या निगुतीने तारीखवार लावतात, तशी आम्ही कित्येक विभागांतही पाहिलेली नाहीत.

एक अवघड गोष्ट राहिली. चाहूल वेळेवर घेतली तर रोग दरवेळी हटतोच असे नाही. कवटीच्या तळाशी किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत परतलेल्या रोगावर पुष्कळदा शस्त्र चालत नाही, आणि ते आठवडाभर आधी कळले काय किंवा नंतर कळले काय, शेवट एकच, असे प्रसंग असतात. मग ह्या साऱ्या जागरूकतेचा उपयोग काय? आम्ही ह्यावर बराच विचार केला. आम्हांस असे दिसते की लवकर कळण्याने आयुष्य नेहमी वाढत नाही, पण राहिलेले आयुष्य आपल्या हाती अधिक काळ राहते. वेदना बळावण्यापूर्वी तिचा बंदोबस्त करता येतो. दृष्टी शाबूत आहे तोवर जे वाचावयाचे, ज्यांना पाहावयाचे, ते करता येते. मृत्युपत्र, पेन्शनचे कागद, रुसलेल्या भावाला पत्र, ही कामे कोणी घाईत उरकू नयेत. शेवटच्या काळाची सोयही माणसाला शुद्धीत असताना निवडता येते. ह्या शहरात करुणाश्रय नावाची संस्था आहे. तिचा न्यास १९९४ साली स्थापन झाला, आणि असाध्य कर्करोगाच्या रोग्यांची ती कोणताही मोबदला न घेता शुश्रूषा करते. तेथे उपचार थांबलेले असतात, लक्ष देणे थांबलेले नसते.

आमच्या त्या गृहस्थांवर तूर्त अशी वेळ नाही. त्यांची पुढली तपासणी श्रावणात आहे. ह्या खेपेस मुलगी नागपुराहून येणार असून, डॉक्टरांना काय काय विचारावयाचे तो कागद तिने त्यांच्याकडून आधीच मागवून घेतला आहे. त्यात तीन प्रश्न तिने स्वतःच्या हाताने वाढविले आहेत.